दारावर मांडलेलं स्टेशन

आमच्या घरमालकांच्या मधल्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्या होत्या, कडीसुद्धा होती. दार मात्र काढून त्यांनी आत दोन खोक्यांवर आडवं टाकलं होतं आणि त्यावर एक रेल्वे स्टेशन बांधायला घेतलं होतं. चौकटीला जुन्या चादरीचा पडदा होता. भाड्याची खोली बघायला आम्ही दोघं नवराबायको गेलो तेव्हा पडद्यामागून आवाज आला, "थांबा. लाइन क्लिअर नाही."

आम्ही थांबलो. पाच मिनिटांनी एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. अंगात बंडी, डोक्याला रेल्वेची काळी टोपी, बोटांना सरस. त्यानं आम्हाला नाव-गाव काही विचारलं नाही. माझ्या हातातल्या छत्रीकडे बघून म्हणाला, "काड्या लोखंडी की पोलादी?"

ती छत्री माझ्या वडिलांनी लग्नात दिलेली. वेंगुर्ल्याहून जळगावला येताना ट्रंकेच्या वर बांधून आणली होती. जळगावच्या उन्हात तिचा काय उपयोग होणार हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. महिन्याभरात तिचं कापड विरलं आणि तिच्या आठ काड्या आबांच्या स्टेशनात रूळ झाल्या. मी त्यांना आबा म्हणायची. गल्लीतले सगळे मास्तर म्हणत, कारण ते धुळ्याच्या रेल्वेफाट्यावर एका लहान स्टेशनचे मास्तर होते आणि वेळेआधीच नोकरी सोडून आले होते. का सोडली, ते त्या वेळी मला माहीत नव्हतं.

स्वातंत्र्य येऊन आठएक वर्षं झाली होती. माझे यजमान एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते, नोकरी हंगामी. कपाशी संपली की नोकरी संपणार, या भीतीत माझं पहिलं वर्ष गेलं. गल्लीतल्या बायका बोलायच्या त्यातलं निम्मं कळत नसे. 'शे' म्हणजे 'आहे' हे समजायलाच मला आठवडा लागला. घरी चौथीतून आईनं मला काढली ती धाकट्या भावंडांना सांभाळायला. त्यामुळे पत्र लिहायचं तर तेही धड येईना. माहेरी कार्ड टाकायचं म्हणून बसायची आणि 'येथील सर्व कुशल' याच्या पुढे जायची नाही.

आबांनी ते एकदा पाहिलं. म्हणाले, "कुशल आहे हे लिहायला दोन पैशांचं कार्ड कशाला? काय खाल्लं ते लिहा. किती वाजता खाल्लं ते लिहा. वेळ लिहिली की माणूस खरं लिहितो."

त्यांच्या तोंडी वेळेशिवाय वाक्य नसे. दूध सहा दहाला, आंघोळ सहा पस्तीसला. सामाईक न्हाणीघराशी यायचे आणि बाहेरून विचारायचे, "लाइन क्लिअर?" आतून 'हो' आल्याशिवाय पाऊल टाकायचे नाहीत. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं. पण परक्या गावात, परक्या घरात, कुणी विचारल्याशिवाय पुढे येत नाही याचा केवढा आधार असतो, ते मी पुढे फार वेळा आठवलं. ते म्हणत, "गाडी उशिरा आली की लोक ओरडतात. वेळेवर आली की कुणी बोलत नाही. आपल्याबद्दल कुणी बोलत नाही, हेच या नोकरीचं सुख."

दारावरचं ते स्टेशन मात्र सगळ्या गल्लीच्या बोलण्यात होतं. एका वितीत शंभर पावलं, असं त्यांचं माप. रूळ छत्रीच्या काड्यांचे, स्लीपर बांबूच्या कामट्यांचे. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून मालाचे डबे केलेले, त्यांना कोटाच्या बटणांची चाकं. कौलं कुटून, माझ्या पिठाच्या चाळणीनं चाळून, रुळांखाली खडी घातलेली. चाळणी परत देताना त्यांनी ती तीनदा धुतली होती. बाभळी तुरीच्या काटक्यांच्या. एका बाजूच्या लाइनीवर चार डबे उभे, त्यांत सुताच्या कपड्यात बांधलेल्या खऱ्या कापसाच्या गाठी, बोटाच्या पेराएवढ्या. इंजिन शिवणयंत्राच्या तेलाच्या बुधलीचं. ते हातानंच ढकलावं लागे.

समोरचे मारवाडी कापडवाले येता-जाता विचारायचे, "मास्तरजी, तुमची गाडी सुटणार कधी? आम्ही तिकीट काढून बसलोय."

"सेक्शन बंद आहे शेठ," आबा म्हणायचे.

"वर्ष झालं, बंदच?"

"चौकशी चालू आहे."

शेठ हसायचे. मुलं पडद्याखालून डोकवायची, त्यांना ते हात लावू देत नसत. लोकांना वाटे, म्हाताऱ्याचा खेळ आहे, बायको गेल्यावर करमत नाही. मलाही तसंच वाटे. काकू मी यायच्या तीन वर्षं आधी गेल्या होत्या.

मी त्यांना दुपारचा चहा द्यायला लागले, खोली झाडायला लागले. त्यांनी तसं सांगितलं नव्हतं. यजमानांना मोठा ताप आला तेव्हा आबा रोज सकाळी सहा चाळीसला दवाखान्यात जाऊन औषध आणत, एकवीस दिवस. त्याबद्दल काही बोलायला गेले की ते पडद्याआड जात. मग मी झाडू उचलला. त्यांची एकच अट होती: दाराला हात लावायचा नाही. बाकी खोली माझी.

पुढे त्यांनी मला एक वही दिली. ते इंजिन ढकलत, घड्याळ बघत आणि मला सांगत, "लिहा, आठ बावीस, सांधेवाला कचेरीतून निघाला. आठ एकतीस, सांध्यापाशी." सांधेवाला म्हणजे रूळ बदलणारा माणूस, एवढं विचारून मी लिहायची. माझे चार आणि पाच सारखे दिसत, त्यावरून बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आठ बावीस, तेच आठ एकतीस. कधी ते एखादा गार्ड आणून ठेवत, कधी एक आंबेवाली, कधी पाणी भरणारा खलाशी, सगळे मेणाचे. प्रत्येकाला कचेरीपर्यंत चालवून परत नेत आणि मान हलवत.

एकदा मी विचारलं, "आबा, ही सकाळ कोणती?"

ते टोपी काढून बसले. टोपी काढलेली मी पहिल्यांदा पाहिली.

ती स्वातंत्र्यानंतरच्या उन्हाळ्यातली, वैशाखातली सकाळ होती. त्यांच्या स्टेशनात दोन लाइनी होत्या, एक सरळ, एक बाजूची. बाजूच्या लाइनीवर कापसाच्या गाठींचे डबे लावायचं काम चाललं होतं. गाडी कोणत्या लाइनीवर जाणार ते सांध्यावर ठरतं. सांधा सरळ लाइनीला लावायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली मास्तरांच्या हातात आणून द्यायची. मास्तरांनी ती स्वतः खिळ्यावर टांगायची आणि मगच गाडी घेण्यासाठी सिग्नल पाडायचा. नियम हातोहात किल्ली घेण्याचा.

"पण एका उन्हाळ्यात माझा नियम सुटला," आबा म्हणाले. "मी तारेच्या यंत्रापाशी अडकलेला असायचो. सांधेवाला भला माणूस. त्यानं आणि मी ठरवून टाकलं. काम चालू असेल तर किल्ली खिडकीच्या फळीवर ठेवायची. काम संपून सांधा कुलूपबंद झाला की बाहेरूनच हात घालून खिळ्यावर टांगायची. पाच वर्षं असं चाललं. एकदाही चूक नाही."

त्या सकाळी त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. किल्ली टांगलेली होती. त्यांनी सिग्नल पाडला. सांधा बाजूच्या लाइनीलाच होता. पॅसेंजर वळून गाठींच्या डब्यांवर गेली. वेग कमी होता म्हणून प्रवासी वाचले. इंजिनावरचा एक फायरमन वाफेनं भाजला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

"सांधेवाला म्हणाला, मी किल्ली फळीवर ठेवली आणि पाणी प्यायला गेलो, टांगली नाही. मी म्हणालो, मी टांगली नाही. कचेरीत तिसरं कुणी नव्हतं. मी खरं बोललो होतो. मग खोटं कोण बोललं? साहेबांनी हिशेब केला. त्याची नोकरी गेली, सहा महिने तुरुंग झाला. मला ताकीद." ते दाराकडे वळले. "तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, पोरी. तेच सुटत नाही. कुणीतरी तिसरा आलाच असणार. तो कोणत्या वाटेनं आला तेवढं मला दिसत नाही."

मग मला त्या वहीतल्या वेळा कळल्या. त्या दिवसापासून मी चार आणि पाच वेगळे काढू लागले.

त्या खोलीतलं सगळं लहान होतं, पण किल्ली खरी होती. पितळी, बोटभर लांब, तिला दोऱ्यानं बांधलेला एक बिल्ला. ती आमच्या खऱ्या खिडकीच्या फळीवर असायची आणि खिडकीच्या बाजूला भिंतीत एक खरा खिळा होता. खुर्चीत बसून तो खिळा कसा दिसतो, हे आबांना रोज बघावं लागायचं. किल्ली मात्र ते फळीवरून हलवत नसत.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी मी घर आवरायला काढलं. इकडच्या बायका त्या सणाला माहेरी जातात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मला कुठे जायचं नव्हतं. आबा पेन्शन आणायला गेले होते. मी जाळी काढली, खिडकीची फळी ओल्या फडक्यानं पुसली, खोली झाडली आणि चहाला आधण ठेवलं.

आबा आले. टोपी घालून खुर्चीत बसले. मी चहा घेऊन पडद्याशी थांबले, कारण त्यांनी इंजिनावर हात ठेवला होता. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं. दोरा ओढून कागदाचा सिग्नल पाडला. इंजिन ढकललं. ते सांध्यावरून बाजूच्या लाइनीत वळलं आणि पहिल्या डब्याला लागलं. डबा कलंडून एक गाठ खाली पडली.

ते इतकं हळू झालं की मला वाटलं, मुद्दामच केलं. पण आबांचा हात तसाच राहिला होता. ते पुन्हा भिंतीकडे बघत होते.

"किल्ली मी फळीवर ठेवली होती," ते म्हणाले.

मी कप खाली ठेवला. मला वाटलं, झालं, आता खोली सोडावी लागणार.

"आबा, मी टांगली."

"का टांगली?"

"फळी पुसायची होती. खाली पडली असती." मी खिळ्याकडे बोट केलं. "खिळा होता, म्हणून टांगली."

"खिळा होता, म्हणून टांगली," ते म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच. मग त्यांनी पत्र्याचं क्वार्टर, मास्तरांचं राहतं घर, उचललं. ते कचेरीला लागून होतं, चारी बाजूंनी बंद, चहाच्या डब्यातून कापलेलं. मी मागे एकदा म्हटलं होतं, याला स्वयंपाकघराचं दार नाही का, तर म्हणाले होते, क्वार्टर स्टेशनात मोजत नाहीत. आता त्यांनी कात्री घेतली आणि कचेरीच्या बाजूनं त्या पत्र्याला एक दार कापलं. बोटाला लागलं, रक्त आलं. ते पुसलंही नाही.

"इंजिनाच्या कोळशाची काजळी यायची," ते म्हणाले. "तुमची काकू रोज सकाळी कचेरीची खिडकी पुसून जायची. अकरा वर्षं. मी मान वर करूनसुद्धा बघत नसे. येते आणि जाते. मी गार्ड मोजले, आंबेवाली मोजली."

दोन दिवस न्हाणीघरापाशी त्यांचं विचारणं बंद झालं. मी स्वतःला दोष देत होते. आयुष्यभर आपण आवराआवर करावी आणि त्यातून कुणाचं काय बाहेर पडेल, हे कुणाला ठाऊक? आखाजीच्या दिवशी मी पुरणाची पोळी दिली ती त्यांनी परत पाठवली नाही, एवढाच मला धीर.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वही घेऊन बोलावलं. "माझा हात चालत नाही. तुम्ही लिहा. मोठ्या साहेबांना."

मी लिहिलं. ते सांगत होते ते सोपं होतं, कारण ते वेळेनं सांगत होते. शेवटी आलं: 'किल्ली खिळ्यावर कुणी टांगली हा प्रश्न नाही. ती हातोहात घेण्याचा नियम होता. मी ती घेतली नाही, घेण्याची रीत मीच मोडली. सांधेवाल्यानं किल्ली टांगली नव्हती. तो खरं बोलला. दोष माझा.'

"आणि काकूंचं?" मी विचारलं.

"त्या नोकरीत नव्हत्या."

मी लेखणी खाली ठेवली. मला राहवलं नाही. "आबा, तो माणूस शिक्षा भोगून आला. काकू गेल्या. आता तुमची पेन्शन थांबवली तर? कुणाचं भलं होणार आहे?"

ते रागावले नाहीत. म्हणाले, "पोरी, गाडी अजून सेक्शनमध्ये, दोन स्टेशनांच्या मधे आहे. ती पोचल्याशिवाय रजिस्टर बंद करता येत नाही."

दीड महिन्यानं एक छापील कार्ड आलं: पत्र मिळालं. त्यापलीकडे काही नाही. आबांनी ते कार्ड तीनदा वाचलं आणि पत्राची नक्कल काढायला सांगितली. सांधेवाला सोनगीरच्या पुढे एका गावात राहत होता. "तुम्ही चला," ते मला म्हणाले. "माझ्यानं वाचवणार नाही." यजमान म्हणाले, जा, ते वडिलांच्या जागी आहेत.

धुळ्यापर्यंत एस. टी., तिथून दुसरी. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा आबांनी घड्याळ पाहिलं नाही, ही गोष्ट मला चांगली आठवते.

घर मातीचं, ओटा सारवलेला. सांधेवाला ओट्यावर दोरी वळत बसला होता. आबांपेक्षा लहान असावा, पण जास्त थकलेला. त्यानं ओळखलं. उठला नाही.

"मास्तर," तो म्हणाला. "अजून जित्ता शेतस?"

"आहे," आबा म्हणाले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"बठा. पानी लई ये वो," त्यानं आत हाक दिली. त्याची बायको तांब्या घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. मी कोण, असं तिनं डोळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, भाडेकरू आहे, पत्र वाचायला आलेय.

मी वाचलं. पहिल्या दोन ओळींना मी अडखळले. दोरी वळणारा हात मधेच थांबला. वाचून झाल्यावर तो बायकोकडे वळून म्हणाला, "आयकं? हाईच मी सांगे. आठ वरीस हाईच मी सांगे."

"मंग कोनी टांगी?" तिनं आबांना विचारलं.

आबांनी पत्रात जे लिहिलं नव्हतं ते सांगितलं. खिडकी, काजळी, फडकं. खाली मान घालून, घड्याळातली एकही वेळ न घालता सांगितलं. "तिला कळलंच नसेल," ते शेवटी म्हणाले. "तिला काय माहीत, खिळा म्हणजे काय आणि फळी म्हणजे काय."

सांधेवाल्याची बायको आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात घडी केलेली लुगडी होती, एकावर एक. हिरवं, जांभळं, पुन्हा हिरवं.

"ह्या तुरुंगमा व्हतात, तव्हापासून दर आखाजीले एक लुगडं ये मना नावनं," ती म्हणाली. "पार्सलवर नाव नही, गाव नही. चार वरीस उनं, मंग बंद पडनं. आम्हले वाटे, मास्तरच धाडतस. म्हनीसन मी एक बी नेसनू नही."

आबांनी त्यातलं एक हातात घेतलं. काठ बघितला. मला वाटतं, काठावरून त्यांनी काकूंचं नेहमीचं दुकान ओळखलं असावं. ते ओट्याच्या कडेला बसले. त्यांना बसायला कुणी हात दिला नाही, आणि कुणी उठायलाही सांगितलं नाही.

"तिले कळनं व्हतं, मास्तर," सांधेवाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण मायाही नव्हती. "तुम्हलेच कळनं नही."

एव्हाना गल्लीतले चारपाच जण ओट्याशी जमले होते. जळगावहून रेल्वेचा मास्तर आला म्हणून लेकरं धावत आली. एक म्हातारा विचारत होता, काय झालं, कोण गेलं. सांधेवाल्यानं दोरी बाजूला ठेवली आणि तो उभा राहिला.

"बाई, परत वाच," तो मला म्हणाला. "पहिलापासून. मोठ्ठा आवाजमा. ह्या बठ्ठा लोके माले मानूस मारनारा म्हनतस, त्यास्ले आयकू दे."

मी आबांकडे पाहिलं. ते उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, टोपी दोन्ही हातांत धरून, साहेबांसमोर उभं राहावं तसे.

"वाचा," ते म्हणाले.

"थांब," सांधेवाला म्हणाला. "त्यामा मना बापनं नाव बी शे का?"

पत्रात नुसतं त्याचं नाव आणि हुद्दा होता. मी त्याला वडिलांचं नाव विचारलं. ओट्यावर कागद टेकवून ते त्याच्या नावाच्या आणि हुद्द्याच्या मधे, ओळीच्या वर, बारीक अक्षरात लिहिलं. मग उभी राहिले आणि सुरुवातीपासून वाचलं, कुठेही न अडखळता, बापाच्या नावासकट.